पायऱ्या गाळल्या की गुण कापते!

ईदच्या आदल्या संध्याकाळी माझी लेक मोबाईलवर एआयकडून शुभेच्छाकार्ड बनवत होती. चंद्रकोर, मिनार, शीरखुर्म्याची वाटी असं लिहून ती वाट पाहत बसली. "अम्मी, हे एवढा वेळ काय करतं?"

मी तिला सांगितलं, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की मुंग्या दिसायच्या ना, तसल्या ठिपक्यांपासून एआय सुरुवात करतं आणि थोडे थोडे ठिपके पुसत चित्र वर काढतं. २०२० च्या सुमारास अशा पद्धतीत हजार पायऱ्या असत. प्रत्येक पायरीला तेच अवाढव्य गणित पहिल्यापासून! त्यात वेळ जातो, वीज जाते आणि महागडा संगणक लागतो.

मग पायऱ्या कमी कशा झाल्या? त्यात आपल्या पुण्यात वाढलेल्या प्रफुल्ल धारीवाल यांचाही वाटा आहे. २०२१ मध्ये त्यांनी व अ‍ॅलेक्स निकोल यांनी ओपनएआयमध्ये दाखवलं, की मॉडेलला थोडं वेगळं शिकवलं तर सुमारे दहापट कमी पायऱ्यांत जवळजवळ तसंच चित्र मिळतं. २०२३ मध्ये यांग साँग यांच्यासोबत त्यांनी एका-दोन पायऱ्यांत चित्र देणारी पद्धत मांडली.

त्याच वर्षी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरी वाट काढली. लागोपाठच्या पायऱ्यांत चित्राच्या ढोबळ आकाराचं गणित फारसं बदलत नाही, हे त्यांनी हेरलं. ते उत्तर जपून ठेवायचं, नव्यानं फक्त बारकावे काढायचे. 'डीपकॅश' हे तिचं नाव. मॉडेलला पुन्हा शिकवावं लागलं नाही. एका प्रसिद्ध मॉडेलचा वेग २.३ पट झाला आणि चित्राचा दर्जा जेमतेम घसरला.

लेक लगेच म्हणाली, "आणि तू मात्र पायऱ्या गाळल्या की गुण कापतेस!"

मी वही ओढली. २४ गुणिले १७ म्हणजे ४०८. मग २४ गुणिले १८? तिनं ४०८ मध्ये २४ मिळवले. ४३२. "हे मी कापणार नाही," मी म्हटलं. "काय बदललं आणि काय तेच राहिलं, हे तुला कळलंय." न बघता जुनं उत्तर उतरवलं तर गणित चुकतं. जपलेलं उत्तर फार पायऱ्या वापरत राहिलं तर एआयचं चित्रही बिघडतं.

आमच्या अवसरी खुर्दमध्ये २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथं जायचं स्वप्न बघणाऱ्या, पण घरी महागडा संगणक नसलेल्या मुली माझ्या वर्गात आहेत. गणित जितकं हलकं होईल, तितकं साध्या यंत्रावर काम करणं त्यांना सोपं जाईल. पालकांनो, लेकीनं सोपी वाट काढली तर रागावू नका. ती कशी सुचली, एवढं मात्र जरूर विचारा.