उंबरठ्याबाहेरचे वारसदार

जगविख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग जानेवारी 2001 मध्यें दिल्लीस आले असतां कुतुबमिनार, लाल किल्ला, जंतरमंतर व हुमायूनची कबर हीं स्थळें पाहावयास गेले. चाकांच्या खुर्चीवांचून त्यांस हालतां येत नसे, आणि या स्थळीं तर ठायीं ठायीं पायऱ्या! तेव्हां पुराणवस्तुखात्यानें मुद्दाम लाकडी उतरणी घालविल्या व पाहुण्यांची खुर्ची आंत गेली. त्यायोगें कुतुबमिनार कलला नाहीं, कीं हुमायूनची झोंप मोडली नाहीं. कान सोनारानेंच टोंचावे लागतात ही म्हण खरी. पण येथें कान टोंचूनहि पुरते उघडले नाहींत. एका थोर पाहुण्यासाठीं जें साधलें, तें या देशांतील लेकरांसाठीं व वडीलधाऱ्यांसाठीं वर्षानुवर्षें अशक्य कसें ठरतें, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न कोणा दूरच्या दुर्दैवी माणसांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. अजिंठ्याच्या सहलीस गेलेल्या कोणत्याहि कुटुंबाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. तरुण मंडळी वर जातात. गुडघ्यांनीं दगा दिलेली आजी खालीं सावलींत पिशव्या सांभाळीत बसते. ‘मला काय पाहावयाचें आहे आतां? तुम्ही या जाऊन,’ असें ती म्हणते, आणि आपण तें खरें मानतों. कारण तें खरें मानणें सोयीचें असतें. जिच्या तोंडून आपण पहिल्या कथा ऐकल्या, तीच त्या भिंतींवरील कथांस मुकते!

यावर पुराणवस्तूंचे अभिमानी म्हणतात कीं, प्राचीन वास्तूच्या मूळ रूपास हात लावणें हा अपराध होय. तत्त्व आम्हांस मान्य आहे. पण अजिंठ्याचें मूळ रूप तरी कोणतें? वाघोरा नदीच्या पात्रापासून एकेका लेण्यास स्वतंत्र जिना होता; त्यांतील बहुतेक आतां नष्ट झाले आहेत. आज ज्या सलग वाटेनें प्रेक्षक एका लेण्यांतून दुसऱ्यांत जातो ती वाट अर्वाचीन आहे. कठडे अर्वाचीन, दिवे अर्वाचीन, तिकिटाची खिडकी तर निःसंशय अर्वाचीन! म्हणजे धडधाकट प्रेक्षकासाठीं केली ती व्यवस्था, आणि तीच अपंगानें मागितली कीं ती विद्रूपता! हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

‘डोली आहे ना!’ हें दुसरें उत्तर. अजिंठ्यास चार माणसें खुर्ची खांद्यावर घेऊन वर नेतात. त्या कष्टाळू माणसांविषयीं आम्हांस आदरच आहे; त्यांच्या पोटावर पाय न आणतां नव्या व्यवस्थेंत त्यांसच प्रथम काम द्यावें. परंतु उचलून नेलें जाणें म्हणजे जाणें नव्हे. ज्यास हवें तेथें थांबतां येत नाहीं, एखादें चित्र पुन्हां पाहावेंसें वाटलें तर आपल्या इच्छेनें मागें वळतां येत नाहीं, तो प्रेक्षक राहत नाहीं, ओझें होतो. आणि ओझें होण्यापेक्षां सावलींत बसलेलें बरें, असें मानी मनुष्य ठरवितो. जरा व व्याधि पाहून ज्यानें राजवाडा सोडला अशी कथा आहे, त्या तथागताच्या दाराशीं जरा व व्याधि यांनींच बाहेर थांबावें, याहून मोठा विपर्यास कोणता?

तिसरा आक्षेप खर्चाचा: थोड्यांसाठीं एवढा खटाटोप कशास? 2011 च्या जनगणनेंत 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. ही संख्या थोडी म्हणावयाची काय? शिवाय आपण एकमेकांस शतायुषी होण्याचा आशीर्वाद देतों, त्या आशीर्वादांतच एक दिवस पायरीशीं अडण्याचा योग आहे. कायदाहि या बाबतींत मुका नाहीं. 2016 च्या अधिनियमानें जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास, नियम निघाल्यापासून पांच वर्षांची मुदत घातली. नियम 2017 मध्यें निघाले व मुदत 2022 मध्यें सरली. पुढें 8 नोव्हेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बजावलें कीं, सुगमतेचे नियम केवळ शिफारसवजा असून चालणार नाहीं, ते बंधनकारक असले पाहिजेत.

अविचारानें केलेली सोय घातक ठरते, हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर 2004 च्या ऑलिंपिकच्या वेळीं लिफ्ट बसविण्यांत आली व डिसेंबर 2020 मध्यें नवी लिफ्ट सुरू झाली. त्याच सुमारास टेकडीवर घातलेल्या काँक्रीटच्या वाटांवर मात्र अनेक विद्वानांनीं कडक टीका केली. अपंगांस वर येऊं द्यावें कीं नाहीं, हा तेथील खरा वाद नव्हता. वाट कशी असावी, हा होता. आम्हांस आपल्याकडे तोच वाद हवा आहे. आपण अजून पहिल्याच प्रश्नाशीं घुटमळत आहों.

या कामीं कुशल वास्तुशिल्पज्ञानें तीन गोष्टी पाळाव्यात. जें नवें घालावयाचें तें मूळ दगडास न खिळतां, उद्यां काढलें तर व्रण राहणार नाहीं असें घालावें. त्यानें जुनेपणाचें सोंग आणूं नये. आणि आराखडा करण्यापूर्वीं चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्यास व पांढरी काठी घेणाऱ्यास विचारावें, नंतर नव्हे. प्रत्येक लेण्यांत चाक गेलेंच पाहिजे असा आमचा हट्ट नाहीं. जेथें खडक फोडल्यावांचून मार्ग नाहीं तेथें खडक फोडूं नये; परंतु तेथें हातांनीं चाचपतां येईल अशी प्रतिकृति, कानांनीं ऐकतां येईल असें वर्णन व विसाव्यास बैठक, एवढें तरी असावें.

वाचकांस एकच विनंती. पुढच्या सहलींत आपल्या घरचें कोणी पिशव्या सांभाळीत खालीं बसलें, तर ‘त्यांना नकोच होतें’ असें म्हणून पुढें जाऊं नये. तिकिटाच्या खिडकीशीं जाऊन यांच्यासाठीं वाट कोणती, असें विचारावें. आणि उत्तर न मिळाल्यास घरीं परतल्यावर खात्यास पत्र लिहावें.