विश्लेषण : ‘लायगो’चे ४० किलोचे आरसे गोंदाविना कसे टांगतात?

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर ज्या औंढा नागनाथ तालुक्यात येते, तिथेच गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या खर्चाचे चीज होणे काही अंशी काचेवरच्या थेंबभर रसायनावर अवलंबून असेल.

आरसे टांगायचे का?

लेसर किरण चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून जाऊन आरशांवरून परततात. गुरुत्वीय लहरीने भुजेच्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. जमिनीचे हादरे पोहोचू नयेत म्हणून अमेरिकेतील ‘लायगो’त ४० किलोचा प्रत्येक आरसा जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार काचतंतूंवर लोंबकळतो.

मग एपॉक्सी का नको?

तंतू जोडण्यासाठी आरशाच्या बाजूंना आधी काचेचे ‘कान’ बसवतात. ते गोंदाने चिकटवले, तर गोंदाच्या रेणूंची उष्णतेने होणारी थरथरच लहरीचा संकेत झाकेल. शिवाय निर्वातात गोंदातून वायू सुटतो.

रसायन नेमके काय करते?

‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ या उपग्रहासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धत. दोन्ही पृष्ठभाग नॅनोमीटरच्या हिशेबात सपाट करून मध्ये सोडियम सिलिकेटचे द्रावण सोडतात. त्यातील हायड्रॉक्साइड आयन काचेचा वरचा थर किंचित विरघळवतात. आयन खर्च होत गेले, की सुटलेले रेणू सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळ्या बांधतात. दोन तुकड्यांमध्ये काचेसारखाच, केसाहून शेकडो पट पातळ थर तयार होतो. पाणी निघून जाऊन जोडाला पूर्ण बळ यायला सुमारे चार आठवडे लागतात. घाई इथे चालत नाही.

धोका कुठे?

जोड कायमचा असतो, हीच गोम. कान तिरका बसला किंवा मध्ये कण अडकला, तर पक्का झालेला जोड सोडवताना महागडी काच बिघडू शकते. तंतूही नाजूकच. इटलीतील ‘व्हर्गो’ वेधशाळेत ते धुळीमुळे तुटले आणि २०१७ मध्ये पोलादी तारांवर भागवावे लागले; संवेदनशीलता घटली. ‘लायगो-इंडिया’ची मुख्य उपकरणे अमेरिकेतून येणार असली, तरी उभारणी भारतीय संस्थांकडे आहे. त्यामुळे औंढ्यात धूळमुक्त कक्षांची शिस्त इमारतीइतकीच महत्त्वाची ठरेल.

आरशावरच्या परावर्तक लेपाची थरथर हा प्रश्न अजून सुटलेला नाही. टायटॅनियम आणि जर्मेनियमच्या ऑक्साइडांचा पर्यायी लेप संशोधक तपासत आहेत.