व्हिनेगर घातलंय? मग हात आवरा!

मंडळी, या वीकएण्डला आपण फिलिपाइन्सला जातोय. व्हिसा नको, रजा नको, बॉसची परमिशन तर अजिबातच नको. हवंय एक किलो चिकन, लसणाची एक अख्खी गड्डी, आणि वासाने शेजारच्या काकू डोकावल्याच तर त्यांना एक वाटी देण्याचं मोठं मन.

पदार्थाचं नाव आदोबो. (फोटोशॉपवाली अडोबी वेगळी, विनोद करून झाले आहेत, थँक्यू.) चिकन व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी आणि तमालपत्रात मंद शिजवायचं, की झालं. कांदा नाही, टोमॅटो नाही, खोबरं नाही. म्हणजे चक्क वाटण नाही! माझ्या आईला हे फोनवर सांगितलं, तर ती काही क्षण गप्पच झाली. मग म्हणाली, ''मग रस्सा कशाचा?'' रस्सा याच सगळ्याचा. आणि तो असा काही लागतो की भाताचं दुसरं वाढप आपोआप होतं.

मला हा पदार्थ शिकवला ताईने. ती दुबईत नर्स आहे आणि तिची रूममेट फिलिपिना, तीही नर्स. नाइट शिफ्टहून आल्यावर स्वयंपाकाचा उत्साह कुणालाच नसतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा मोठं पातेलं चढतं आणि पुढचे तीन दिवस निघतात. आपल्यासारख्या रात्री नऊला घरी पोचणाऱ्या जनतेसाठी याहून चांगला प्लॅन कुठला?

तर लागा कामाला. चिकनवाल्याला सांगायचं, लेग आणि थाय द्या, हाडासकट, तुकडे मोठे ठेवा. ब्रेस्ट नको, कोरडं पडतं. एक किलोला अर्धा कप सोया सॉस, बारा-पंधरा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, चमचाभर अख्खी मिरी आणि तीन तमालपत्रं. हे सगळं चिकनला चोळून अर्धा तास ठेवा. त्यांचं पान म्हणजे लॉरेल. आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, त्याला किंचित दालचिनीचा वास येतो. पण चालतं, बिनधास्त घाला. मीठ आत्ता घालू नका, सोया सॉस पुरेसा खारट असतो.

भांडं स्टीलचं, जाड बुडाचं घ्या. अॅल्युमिनियमचं नको, आंबटाशी त्याचं जमत नाही. चमचाभर तेलावर चिकनचे तुकडे दोन्हीकडून लालसर करा. मग उरलेलं मॅरिनेशन, एक कप पाणी आणि अर्धा कप व्हिनेगर ओता. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ढवळायचं नाही! झाकायचंही नाही. मी सवयीने डाव उचलला, तर व्हिडिओ कॉलवर ताई आणि तिची रूममेट दोघी एकदम ओरडल्या. फिलिपिनो घरांतला हा जुना दंडक आहे. व्हिनेगर आधी उघड्यावर चांगलं उकळू द्यायचं, त्याचा कच्चा उग्रपणा उडून जाऊ द्यायचा, तोवर हात आवरायचे. आठ-दहा मिनिटांनी गॅस मंद करा, झाकण ठेवा आणि अर्धा तास विसरून जा.

अर्धा तास आहे हातात, तोवर गप्पा मारू.

आदोबो हे नाव स्पॅनिश. १५२१ मध्ये मॅगेलन तिथे पोचला, १५६५ पासून स्पेनने बस्तान बसवलं ते थेट १८९८ पर्यंत. पण पदार्थ स्पेनने आणलेला नाही. व्हिनेगरमध्ये मांस शिजवलं की उष्ण हवेतही ते टिकतं, हे बेटांवरच्या लोकांना आधीपासून ठाऊक होतं. १६१३ मध्ये पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा नावाच्या पाद्र्याने टागालोग भाषेचा शब्दकोश छापला. त्यात त्याने या प्रकाराची नोंद 'इथल्या लोकांचा आदोबो' अशी केली. स्पेनमध्ये मांस मुरवायच्या आंबट मसाल्याला आदोबो म्हणत, त्याला हे तसंच वाटलं, बस्स. नाव चिकटलं ते कायमचं. सोया सॉस आला चिनी व्यापाऱ्यांकडून. त्यामुळे सोया नसलेला 'आदोबोंग पुती', म्हणजे पांढरा आदोबो, हा जास्त जुना प्रकार मानतात.

त्यांच्याकडे व्हिनेगरला म्हणतात 'सुका'. म्हणजे आपल्या सुक्क्या चिकनशी नावापुरतं नातं जुळलंच! हे व्हिनेगर ऊस, निपा नावाचा पाम किंवा माडाच्या ताडीपासून बनतं. माडाचं व्हिनेगर आपल्यालाही नवीन नाही, गोव्यात ते घरोघरी असतं. पोर्तुगीजांचं वाइन आणि लसणातलं मांस गोव्यात आलं आणि माडाच्या व्हिनेगरवर त्याचं विंदालू झालं. त्यामुळे गोव्याहून कुणी येणार असेल तर काजूंसोबत व्हिनेगरची बाटलीही सांगा. ते नसेल तर साधं पांढरं चालेल, फक्त ते जास्त तिखट वागतं, म्हणून थोडं कमी घाला.

आता खरा प्रश्न. अस्सल आदोबो कुठला? बिकोलमध्ये त्यात नारळाचं दूध घालतात. बातांगासमध्ये सोयाऐवजी हळद घालून पिवळा करतात. कुणी साखर घालतं, कुणाला साखर म्हटलं की राग येतो. जुलै २०२१ मध्ये तिथल्या व्यापार आणि उद्योग खात्याने आदोबोची प्रमाणित कृती ठरवायचं जाहीर केलं, आणि लोक जे भडकले! आमच्या घरच्या पातेल्यात सरकारचं काय काम, हा सूर होता. शेवटी खात्याला खुलासा करावा लागला की हे सक्तीचं नाही, परदेशात पदार्थाची ओळख करून देण्यासाठी आहे. उद्या कुणी मिसळीचं प्रमाणपत्र काढलं तर पुणे, कोल्हापूर आणि नाशिकमध्ये काय होईल, कल्पना करा.

मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. मग ताईने रूममेटची गोष्ट सांगितली.

ती बातांगासची. मुलगा दोन वर्षांचा असताना नोकरीसाठी दुबईला आली, मुलाला वाढवलं तिच्या आईने. आता तो बारा वर्षांचा आहे. ती दोन वर्षांतून एकदा घरी जाते. मागच्या खेपेला तिने हौसेने त्याच्यासाठी आदोबो केला, दुबईत मैत्रिणींबरोबर करते तसा, सोया सॉसचा, काळपट. पोरगा गुणी. मुकाट्याने सगळा संपवला. आणि मग आजीकडे वळून म्हणाला, ''लोला, आपला आदोबो कधी करणार?'' लोला म्हणजे आजी. आजीचा आदोबो पिवळा.

ही गोष्ट तिने ताईला हसत हसत सांगितली. नंतर बराच वेळ भांडी घासत उभी होती म्हणे.

परत आल्यावर तिने आईला फोन करून कृती विचारून घेतली. 'अंदाजाने घाल' हे उत्तर त्यांच्याकडेही असतंच! हळद ताईच्या डब्यातली, आमच्या सांगलीची. पहिल्यांदा कडवट झाला, दुसऱ्यांदा फिका. अजून जमवतेय. शुक्रवारी मैत्रिणी जमल्या की काळा, आणि स्वतःपुरता पिवळा. पुढची रजा डिसेंबरात आहे. सरकारी कृती तिला नकोय, तिला एका बारा वर्षांच्या मुलाचा शेरा हवाय.

चला, झाकण काढा. रस्सा पातळ वाटला तर गॅस वाढवून दहा मिनिटं आटवा, चिकनला तुकतुकीत लेप बसला पाहिजे. चव बघा. फार आंबट वाटलं तर चिमूटभर साखर. गरम भात, वर चिकन, वर रस्सा. पोळीच्या वाटेला जाऊ नका.

आणि अर्धं मुद्दाम उरवा. फ्रिजमध्ये तीन दिवस आरामात राहतं, दुसऱ्या दिवशी आणखी मुरतं. सकाळी शिळा भात भरपूर लसणावर परता, याला तिथे 'सिनांगाग' म्हणतात. आपल्या फोडणीच्या भाताचा फिलिपिनो चुलतभाऊच! सोबत तव्यावर खरपूस केलेलं उरलेलं आदोबो आणि एक हाफ फ्राय.

सोमवार सकाळ इतकी चांगली क्वचितच जाते. डबा मात्र लपवून न्या. ऑफिसमध्ये वास लागला तर तुमच्या वाट्याला फक्त तमालपत्र उरेल.