मदतीची घाई

आमच्या इंदापूरच्या मळ्यात पूर्वी बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायचे. यंदा मी इनक्युबेटर आणला. ३७.५ अंश तापमान, दिवसातून चार-पाच वेळा अंडी फिरवणं, सगळं वहीत लिहून. २५ व्या दिवशी फिरवणं थांबवलं, पाणी ठेवून ओलावा वाढवला. २७ व्या दिवशी एका अंड्याला भोक पडलं. आतून चिवचिव!

बारा तास झाले तरी पिल्लू पुढे सरकेना. मला राहवेना. नखाने कवच सोललं. पापुद्र्यातून रक्त आलं आणि तासाभरात पिल्लू गेलं...

नंतर कळलं, भोक पाडल्यावर ते नुसतं थांबलेलं नसतं. श्वास घ्यायची सवय करत असतं, पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक आत ओढून घेत असतं. त्याला एखादा दिवस, कधी दोनही लागतात. शिवाय सारखं झाकण उघडलं की ओलावा जातो, पापुद्रा वाळतो आणि बाकीची पिल्लंही अडकतात.

आपल्याला बघवत नाही म्हणून केलेल्या मदतीला मदत म्हणावं का? माझ्या मते नाही. पाणी आहे ना, वीज गेली तर सोय आहे ना, हे पाहणं ही खरी मदत. पापुद्रा वाळून पिल्लू खरंच अडकलं, तर तो कोमट पाण्याने ओला करावा. रक्ताची शीर दिसली की हात मागे.

उरलेल्या पाचांपैकी चार पिल्लं आपली आपण बाहेर आली. पाचवं आलं नाही. पण निदान त्याला मी मारलं नाही.

असो.