चर्चमधली गाणी आणि आपली पाठशाळा



डिसेंबरात मी वसईला लेकीकडे असते. शेजारच्या चर्चमध्ये नाताळाआधीचे ४ रविवार 'आगमनकाळ' पाळतात. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावतात. ३ जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी. संध्याकाळी मुलं मराठी गाणी बसवतात. पेटी, तबला, मध्येच चुकलेला सूर, आणि मागच्या बाकावर मी.

"सम्यक्त्वाला दोष लागतो," असं एक काकू म्हणाल्या. मला नाही पटत. मी तिथे पूजेला जात नाही, केकही घेत नाही. पण तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य या भावना सांगितल्या आहेत. दुसऱ्याचे गुण पाहून आनंद होणं म्हणजे प्रमोद. तो आपल्याच मंदिरापुरता कसा असेल?

मला बोचतं ते वेगळंच. तिथे आई-वडील मुलांसोबत बसून गातात. आपण नातवंडांना पाठशाळेच्या दारात सोडून भाजीला जातो, आणि मुलांना गोडी नाही म्हणतो. मी बी.कॉम.; हिशेब सरळ आहे. वेळ घातलाच नाही, तर जमेला काय दिसणार?

या रविवारी स्तवनाला मी नातीशेजारी बसणार आहे. तुम्हीही बसा.