लोकांचा कौल, परीक्षकांचा निकाल

वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ गेम कोणता, यावर दर डिसेंबरात जगभरची तरुण मंडळी हमरीतुमरीवर येतात. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटेल. पण भांडणाचा मुद्दा आपल्या ओळखीचा आहे.

१२ डिसेंबर २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’चा निकाल लागला. मुख्य मान जपानमध्ये घडलेल्या ‘ॲस्ट्रो बॉट’ला, एका चिमुकल्या यंत्रमानवाच्या खेळाला मिळाला. चीनच्या पुराणप्रसिद्ध वानरवीरावर बेतलेला ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ मागे पडला; मात्र केवळ लोकमतावर ठरणारा पुरस्कार त्यानेच पटकावला. चाहते उसळले: लोक आमच्या बाजूने असताना हे परीक्षक कोण टिकोजीराव?

बँकेत हयात गेलेल्या माणसाला आधी आकडे दिसतात. मुख्य पुरस्कारात परीक्षकांच्या मताला ९० टक्के वजन, लोकांच्या मताला १०. हा अन्याय म्हणावा काय? नुसते हात मोजले, तर लहान देशातल्या खेळाला वाली उरणार नाही. सारे परीक्षकांवर सोपवले, तर रात्री जागवून खेळ पुरा करणाऱ्याच्या प्रेमाला किंमत काय? आपल्याकडेही वाचनालयात पाने झिजतात एका कादंबरीची आणि पारितोषिक मिळते दुसरीला.

तेव्हा ही दोन खाती वेगळी असलेलीच बरी. कधी जमाही जुळते: २०२३ साली ‘बॉल्डर्स गेट ३’ने दोन्ही मान मिळवले होते.

घरातला मुलगा या वादात आवाज चढवू लागला, तर त्याला गप्प बसवू नका. ‘तुला तो का आवडला?’ एवढेच विचारा. आवडीचे कारण सांगता येणे, ही रसिकतेची पहिली इयत्ता आहे.