खाज तळहाताला, दुखणे यकृताचे

गरोदर बाईच्या अंगाला खाज सुटली की घरात तिचे कारण आधीच ठरलेले असते. पोट वाढते आहे, ऊन वाढले आहे, नाहीतर हळदीचा हंगाम आहे. हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे हळद काढणे, शिजवणे, वाळवणे सुरू झाले की त्या धुळीत आणि घामात अंग खाजणे नवे नाही. मग खोबरेल तेल चोळले जाते किंवा मेडिकलवरून ट्यूब येते. बहुतेकदा एवढ्यावर भागतेही. पण एका खाजेच्या बाबतीत हे दुर्लक्ष बाळाच्या जिवावर बेतू शकते.

ही खाज बहुधा सातव्या महिन्यानंतर सुरू होते. तळहात-तळपायांना ती जास्त असते आणि रात्री झोपू देत नाही. मुख्य खूण म्हणजे अंगावर पुरळ नसते, फक्त खाजवल्याचे ओरखडे दिसतात. दुखणे कातडीचे नसून यकृताचे असते. पित्ताचा प्रवाह मंदावतो आणि पित्ताम्ले रक्तात साठतात. आईची खाज बाळंतपणानंतर थांबते. बाळाला मात्र दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका असतो. पित्ताम्लांचे प्रमाण लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून जास्त झाले, तर बाळ पोटातच दगावण्याची शक्यता वाढते, हे २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील मोठ्या अभ्यासाने दाखवले. वेळेत कळले तर डॉक्टर लक्ष ठेवतात आणि प्रसूती कधी करायची ते ठरवतात.

याउलट, पोटावरच्या ताणाच्या रेषांतून उठणारे लाल पुरळ फार खाजते, पण बाळाला अपाय करत नाही. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनाच औषध लागते. हा फरक मेडिकलच्या काउंटरवर कळत नाही. शिवाय अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असते. गरोदरपणात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून हा दिवस ठरलेला आहे. तिथे वजन आणि रक्तदाबाबरोबर एक प्रश्न नेमाने विचारला जावा: ‘ताई, रात्री हातापायांना खाज सुटते का?’ आशाताईंनीही गृहभेटीत तो विचारावा. खाजेसारखी गोष्ट बाया संकोचाने स्वतःहून सांगत नाहीत.

पित्ताम्लांची तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात होणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण यकृताची साधी रक्ततपासणी ही पहिली पायरी आहे. ती ठीक आली आणि खाज तशीच राहिली, तर नमुना पुढे पाठवता येतो किंवा बाईला मोठ्या रुग्णालयात धाडता येते. प्रश्न विचारायला तर पैसाही लागत नाही. तोवर घरच्यांनी एवढे करावे: पुरळ नाही आणि तळहात-तळपाय खाजताहेत, तर ९ तारखेची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्यावे. पोटातल्या बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच घटकेला.